कोकणातल्या घरी संगणकाची डिस्क निवडताना

सहा-सात वर्षे वापरलेला संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेऊ लागला, की घरात नवा संगणक घेण्याची चर्चा सुरू होते आणि दुकानदारही प्रोसेसर नि रॅम यांचे आकडे पुढे करतो. बहुतेक घरांत मात्र या रखडण्याचे कारण प्रोसेसर नसून आतली जुनी हार्ड डिस्क असते, आणि ती काढून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, बसवली तर तोच संगणक आणखी काही वर्षे समाधानाने चालतो. हा झाला वेगाचा भाग. त्या डिस्कवरचे जमिनीचे कागद, आंब्याच्या पेट्यांचे हिशेब, होमस्टेच्या नोंदी आणि मुलांचे फोटो पाच वर्षांनी जागेवर असतील की नाही, हा अगदी वेगळा प्रश्न आहे. महागडी डिस्क घेतली म्हणजे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. वेग विकत घ्यायला आता फार पैसे लागत नाहीत. भरवसा मात्र डिस्कच्या खोक्यातून मिळत नाही, तो वीज, हवा आणि दुसरी प्रत यांच्या व्यवस्थेतून उभा करावा लागतो, आणि समुद्रालगतच्या घरात तर अधिकच.

हार्ड डिस्कचा मंदपणा तिच्या रचनेतच आहे. आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या या गतीने फिरत असतात आणि एका दांड्याच्या टोकाला असलेले हेड त्यांच्यावरून सरकत माहिती वाचते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंद, थांबावे लागते. त्याआधी दांडा योग्य वर्तुळावर जाण्यात आठ-नऊ मिलिसेकंद गेलेले असतात. हिशेब मांडला तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचताना सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी तुकडे हाती लागतात. सलग लिहिलेली मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइटपर्यंत जाते, म्हणून तिच्यावरचा चित्रपट न अडखळता दिसतो. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाइली उघडाव्या लागतात आणि तेथे तिची दमछाक होते. एसएसडीमध्ये फिरणारे किंवा सरकणारे काहीच नसल्यामुळे कोणताही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात मिळतो. साधी, स्वस्तातली एसएसडीसुद्धा सेकंदाला असे हजारो तुकडे वाचते. संगणक नवा झाल्यासारखा वाटतो तो या फरकामुळे.

एसएसडी घ्यायची ठरली की जाहिरातींतले आकडे समोर येतात. साटा जोडणीची, म्हणजे हार्ड डिस्कही जिने लावतात त्या जोडणीची, एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते, कारण त्या जोडणीची मर्यादाच तेवढी आहे. मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरील, एम डॉट टू स्लॉटमध्ये बसणाऱ्या एनव्हीएमई प्रकारच्या डिस्क पीसीआय एक्स्प्रेस या अधिक वेगवान जोडणीच्या तिसऱ्या पिढीत साडेतीन हजारांच्या, चौथ्या पिढीत सात हजारांच्या आसपास आणि पाचव्या पिढीत दहा हजारांच्याही वर मेगाबाइट प्रतिसेकंद वाचू शकतात. हे आकडे खरे आहेत, परंतु ते सलग मोठ्या फाइलींचे आहेत. ब्राउझर, टॅली, मराठी टायपिंग, फोटो पाहणे अशा घरगुती कामांत हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, त्याच्या पासंगालाही साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक पुरत नाही. लग्नाचे चित्रीकरण संपादित करणाऱ्याला चौथी पिढी उपयोगी पडेल. पाचव्या पिढीच्या डिस्क भरपूर तापतात, आणि दमट उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत त्यांच्यावर पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

येथे एक व्यावहारिक खाचखळगा आहे. एम डॉट टू हे स्लॉटच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. त्या आकारातल्या डिस्क साटा प्रकारच्याही असतात आणि एनव्हीएमई प्रकारच्याही. काही मदरबोर्ड दोन्ही चालवतात, काही एकच. काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की साटाची एखादी जागा आपोआप बंद होते, मग जुनी डिस्क दिसेनाशी होते आणि ती बिघडली असे वाटून घबराट उडते. फार जुन्या बोर्डांवर स्लॉटच नसतो, किंवा अडॅप्टर लावला तरी एनव्हीएमईवरून विंडोज सुरू होत नाही. अशा संगणकाला अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी आणि विषय संपवावा. खरेदीपूर्वी मदरबोर्डचे नाव-क्रमांक पाहून त्याच्या माहितीपुस्तिकेतील स्लॉटचे पान वाचणे हे दहा मिनिटांचे काम आहे. रत्नागिरीहून किंवा कोल्हापूरहून मागवलेली डिस्क परत पाठवण्यात आठवडा जातो.

आता एसएसडीच्या आत पाहू. तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म पेशीत विद्युतभार साठवला जातो आणि त्या भाराच्या पातळीवरून माहिती ओळखली जाते. एका पेशीत तीन बिट, म्हणजे माहितीचे तीन सर्वांत लहान एकक, ठेवायचे तर आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, त्या प्रकाराला टीएलसी म्हणतात. चार बिट ठेवायचे तर सोळा पातळ्या लागतात, तो क्यूएलसी. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितके लिहिणे सावकाश आणि पेशीची झीज लवकर. हा सावकाशपणा लपवण्यासाठी डिस्क आपल्या रिकाम्या जागेतील काही पेशींत तात्पुरता एकेकच बिट लिहिते आणि मग फुरसतीने नीट रचते. त्यामुळे पाच-दहा गिगाबाइट कॉपी करून पाहणाऱ्याला स्वस्त क्यूएलसी डिस्कही झपाट्याची वाटते. तिच्यावर तीनशे गिगाबाइटचे चित्रीकरण एका दमात ओतायला घ्यावे, म्हणजे पडद्यावरचा वेगाचा आलेख सुरुवातीला उंच सपाट चालतो आणि मग एकाएकी कोसळून शंभर मेगाबाइटच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, रेंगाळू लागतो. हार्ड डिस्क यापेक्षा वेगाने लिहिते. मुख्य डिस्कसाठी म्हणून टीएलसीच घ्यावी. खोक्यावर प्रकार लिहिलेलाच नसेल तर तो बहुधा न लिहिण्यासारखा आहे असे समजावे.

झिजेची भीती मात्र अवास्तव आहे. एक टेराबाइटच्या टीएलसी डिस्कला कंपन्या सामान्यतः ६०० टेराबाइट लेखनाची हमी देतात. घरात रोज ५० गिगाबाइट लिहिले जाते असे मानले, जे फारच उदार अनुमान आहे, तरी ती मर्यादा गाठायला बारा हजार दिवस, म्हणजे बत्तीसहून अधिक वर्षे लागतील. घरगुती एसएसडी झिजून मरत नाही. ती नियंत्रक चिपच्या बिघाडाने, विजेच्या झटक्याने किंवा अर्ध्यात गेलेल्या लाइटीने मरते. क्षमता निवडताना इतकेच पाहावे की डिस्क काठोकाठ भरू नये, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहावी, कारण वरची सारी रचना त्या मोकळ्या जागेवरच चालते. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइटची दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढेच त्याचे कारण. दुकानदाराशी भांडू नये.

हार्ड डिस्क यामुळे बाद होत नाही. वर्षानुवर्षांचे फोटो आणि चित्रफिती ठेवण्यासाठी प्रति टेराबाइट ती अजून स्वस्त पडते. तिच्यातही दोन प्रकार आहेत. सीएमआर प्रकारात तबकडीवरचे माहितीचे पट्टे एकमेकांपासून सुटे असतात. एसएमआर प्रकारात जास्त माहिती मावावी म्हणून ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक अर्धे चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले काढून पुन्हा शाकारावी लागतात, तसेच एसएमआर डिस्कवर जुन्या माहितीच्या मध्ये काही बदलायचे झाले तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात आणि वेग रसातळाला जातो. एकदा लिहून ठेवायच्या संग्रहासाठी ती चालते, सतत बदलणाऱ्या कामासाठी नाही. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० साली उघड झाल्यावर बराच गदारोळ झाला होता. तेव्हापासून कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रकार नोंदवलेला असतो, तो पाहून घ्यावा. खिशात मावणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या बाह्य डिस्क बहुतांशी एसएमआरच असतात.

इथपर्यंतचे सारे पुण्यातल्या घरालाही लागू आहे. किनाऱ्यावरच्या घराची गोष्ट येथून वेगळी होते.

वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुठल्याही किनारी गावात तीन-चार पावसाळे काढलेले कॅबिनेट उघडून पाहावे. मागच्या पत्र्याच्या स्क्रूंना तांबूस गंज चढलेला असतो, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा चिकट, ओलसर थर बसलेला असतो, आणि साटा केबलच्या टोकाजवळ किंवा रॅमच्या खाचेत बारीक हिरवट-पांढरा डाग दिसतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते, आणि पावसाळ्यात तर आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. हे खारे पाणी वीजवाहक असते आणि धातूच्या जोडांना खाते. ‘डिस्क मध्येच गायब होते, केबल काढून घातली की पुन्हा दिसते’ अशा तक्रारीत दोष पुष्कळदा डिस्कचा नसून या जोडांचा असतो, आणि तिथे नवी डिस्क घेण्याऐवजी नवी केबल घ्यावी. हार्ड डिस्कच्या आवरणाला हवेचा दाब समतोल राखण्यासाठी गाळणी लावलेले बारीक छिद्र असते. हेलियम भरलेल्या बंद डिस्क सोडल्या तर बहुतेक डिस्क याच हवेत श्वास घेतात. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे मुख्य डिस्क एसएसडी असणे हे येथे वेगाइतकेच टिकाऊपणाच्या दृष्टीनेही बरे.

उपाय साधे आहेत. संगणक समुद्राकडच्या खिडकीखाली किंवा पावसाळ्यात पाझरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवू नये, जमिनीवर तर मुळीच ठेवू नये. पावसाळ्यात तो रोज तासभर तरी चालवावा, कारण त्याची स्वतःची ऊबच त्याला कोरडे ठेवते. सर्वांत वाईट अवस्था होते ती चाकरमान्यांच्या बंद घरातल्या संगणकाची, जो मे महिन्यात वापरून जूनमध्ये चादरीखाली झाकला जातो आणि एकदम गणपतीत सुरू केला जातो. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून आणलेली गार डिस्क दमट हवेत लगेच जोडू नये. तिच्यावर दव धरते, म्हणून ती बंद पिशवीतच तासभर राहू द्यावी. बाह्य डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे ते कधी सुकवायचे ते कळते.

ओलाव्यापेक्षाही घातक आहे ती वीज. आपण ‘सेव्ह’ म्हटल्यावर माहिती लगेच पेशींत किंवा तबकडीवर जात नाही. ती आधी संगणकाच्या रॅममध्ये, मग डिस्कच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबते. याशिवाय कोणती माहिती कोणत्या पेशींत आहे याचा एक नकाशा एसएसडी सतत स्वतःशी ठेवत असते आणि तोही अधूनमधून लिहिला जातो. नेमक्या त्या क्षणी लाइट गेली तर एखादी फाइल अर्धवट राहते, आणि दैव खराब असेल तर नकाशाच बिघडून संपूर्ण डिस्क ओळखू येईनाशी होते. मोठ्या संस्थांच्या सर्व्हरमधील एसएसडींवर यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात, जे वीज गेल्यावरही हातातले लेखन पूर्ण करण्यापुरता पुरवठा देतात. घरगुती डिस्कमध्ये ते बहुधा नसतात. विंडोजची एनटीएफएस रचना फाइलींची मांडणी सावरून घेते, पण फाइलीतला मजकूर परत आणून देत नाही. एनव्हीएमई डिस्कच्या स्वतःच्या नोंदीत असुरक्षितपणे बंद पडण्याच्या घटनांची संख्या साठत जाते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती पाहिली की आपल्या घरच्या विजेची खरी ओळख पटते.

म्हणून माझा आग्रह असा, की सेकंदाला सात हजार मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कऐवजी साडेतीन हजार वाचणारी घ्यावी आणि वाचलेले पैसे यूपीएसमध्ये घालावेत. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा ६०० व्हीए यूपीएस सामान्य घरगुती संगणकाला दहा-पंधरा मिनिटे देतो, आणि संध्याकाळी लाइनच्या टोकाच्या वाडीत दाब खाली येतो तोही सावरून घेतो. त्या दहा मिनिटांत काम पुढे रेटायचे नसते, संगणक नीट बंद करायचा असतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, हे लोक विसरतात आणि मग केवळ शोभेचे खोके उरते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते पाहावे. साध्या मोडमध्ये वीज पालटण्यास इतका वेळ लागू शकतो की दिवे आणि पंखे चालू राहतात, पण संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की यूपीएसवरही विसंबू नये. प्लग भिंतीतून काढावा आणि ब्रॉडबँडच्या डब्यातून येणारी नेटवर्क केबलही काढावी. फायबरमधून वीज येत नाही हे खरे, पण त्या डब्याचा अडॅप्टर विजेच्याच लाइनीवर असतो आणि तेथून झटका तांब्याच्या केबलने मदरबोर्डपर्यंत पोहोचू शकतो. कातळावरच्या घरांत चांगले अर्थिंग मिळणे कठीण असते आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की असलेलेही निकामी होते. अर्थिंग नसेल तर झटके अडवणारा महागडा बोर्ड आपले काम नीट करू शकत नाही.

‘दोन डिस्क लावून रेड केले म्हणजे झाले’ असा सल्ला हमखास मिळतो. हे रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत, वर आलेल्या रेड मालिकेशी तिचा संबंध नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेली ही कल्पना उत्तम आहे. तिच्यातील रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते आणि एक बिघडली तरी काम थांबत नाही. परंतु ती काम चालू राहण्याची सोय आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते, खंडणीखोर व्हायरस दोन्हींना कुलूप घालतो आणि वीज कोसळली तर एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क एकदमच जातात. दुसरी डिस्क घेण्याची ऐपत असेल तर ती संगणकाबाहेर, बंद अवस्थेत असावी.

जगभर सांगितला जाणारा नियम असा की महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. शेवटचा भाग कोकणात ऐच्छिक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक घरांची छपरे उडाली आणि अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घरादारांत शिरले. ज्या कपाटात संगणकाच्या शेजारीच बाह्य डिस्क ठेवलेली होती, तिथे दोन प्रती असूनही एकच असल्यासारखे झाले. क्लाउडवर सारे टाकावे म्हटले तर सेकंदाला दहा मेगाबिट वेगाने दोनशे गिगाबाइट वर चढवायला सुमारे ४४ तास अखंड जोडणी लागते, आणि आपत्तीनंतर जोडणीच नसते. शिवाय गूगल ड्राइव्हसारख्या सेवा जुळवाजुळव करतात: इथे पुसले की तिथेही पुसले जाते आणि कचरापेटीतून तीस दिवसांनी कायमचे जाते.

आपल्याकडे एक सोय आयती आहे आणि ती वापरावी. दोन सारख्या बाह्य डिस्क घ्याव्यात. एक घरी, दुसरी मुंबई-पुण्याच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. गणपतीला नि मे महिन्यात मंडळी गावी येतातच, तेव्हा डिस्कांची अदलाबदल करावी. मधल्या काळात नव्याने जमलेले कागद आणि हिशेब, जे आकाराने लहान असतात, तेवढे क्लाउडवर ठेवावेत. या बाह्य डिस्क हार्ड डिस्क असाव्यात असे माझे मत आहे. एसएसडीच्या पेशींतला भार वीज नसताना हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिपांची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक इतकेच मागते की लेखनाची हमी संपलेली डिस्क ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवील. नवी डिस्क त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, तरी कपाटात ठेवायच्या वस्तूसाठी तबकडी बरी. पेनड्राइव्ह ही माहिती इकडून तिकडे नेण्याची वस्तू आहे, ठेवण्याची नव्हे. आणि अदलाबदलीच्या वेळी दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडलेला बॅकअप हा केवळ अंदाज असतो.

डिस्क बिघडण्याची पूर्वसूचना मिळेल यावर भिस्त ठेवू नये. हार्ड डिस्कच्या स्मार्ट नोंदीत, म्हणजे ती स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदीत, बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची (बिघडू लागलेल्या लहान तुकड्यांची) संख्या वाढू लागली तर त्याच दिवशी प्रत काढावी हे बरोबर, पण गूगलने २००७ साली आपल्या डिस्कांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिसलेला नव्हता. एसएसडी तर पुष्कळदा रात्री चालू असते आणि सकाळी नसते. तिच्यावरून पुसलेली माहिती परत मिळवणेही अवघड, कारण ट्रिम या आज्ञेमुळे पुसलेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करून टाकते.

खरेदी करताना वॉरंटी पाच वर्षांची पाहावी, पण ती डिस्कची असते, माहितीची नाही. बंद पडलेली डिस्क बदलून घ्यायची तर ती माहितीसकट कंपनीच्या हवाली करावी लागते आणि त्या वेळी पुसण्याची सोय राहिलेली नसते. बँकेचे कागद असतील तर डिस्क पहिल्या दिवसापासून कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, केलेली बरी. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर हे अनेक संगणकांवर आपोआप होते. त्याची ४८ अंकी किल्ली छापून भावाकडच्या डिस्कच्या डब्याखेरीज दुसऱ्या कुठल्यातरी जागी ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलावा लागला तर पहिल्यांदा तीच मागितली जाते.